अण्णांचं पिस्तूल डावीकडं जातं

हिवाळ्यात आमचे शेजारी अण्णा एकाच हातानं नमस्कार करतात. उजवा हात छातीशी येतो, डावा मात्र दंडापासून अंगाला घट्ट चिकटलेला राहतो. नवख्या माणसाला वाटतं, बिचाऱ्यांचं एक अंग गेलेलं दिसतंय. तसं काही नाही. अण्णांच्या डाव्या काखेत पिस्तुलाचं मॅगझिन असतं आणि ते थंडीनं गार पडू नये म्हणून अण्णा ते उबवत असतात.

घाबरू नका, पिस्तूल खेळण्यातलं आहे. दिसायला अगदी खऱ्यासारखं, हातात जड, फक्त नळीचं टोक नारिंगी. मॅगझिनमध्ये गॅस भरायचा, साबुदाण्याहून थोडे मोठे असे प्लास्टिकचे पांढरे छर्रे घालायचे आणि चाप ओढायचा. गॅसच्या जोरावर छर्रा सुटतो. मॅगझिन गारठलं की गॅसचा जोर कमी होतो आणि छर्रा खाली पडतो. म्हणून काख. चुलीची ऊब जास्त होते, उन्हाचा भरवसा नाही. "काखंइतकी मापातली ऊब दुसरीकडं कुठं न्हाय," असं अण्णा छातीठोकपणे सांगतात.

या मापातल्या उबेनं एकदा घोटाळा केला. अण्णांच्या मेव्हण्याच्या मुलीला बघायला ढोकीला पाहुणे आले होते. शेजारी म्हणून आम्हीही गेलो होतो. मुलाच्या आत्यानं मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, मुलीनं मान खाली घातली, बैठक शांत झाली आणि त्या शांततेत अण्णांच्या अंगातून लांबलचक 'फुस्स' असा आवाज निघाला. मॅगझिनचं रबर गेलं होतं. आत्यानं पदर नाकाला लावला. गैरसमज दूर व्हावा म्हणून अण्णांनी काखेत हात घालून मॅगझिन काढलं आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. ते बघून मुलाचे वडील उठून उभे राहिले. सोयरीक जमली खरी, पण लग्नात मुलाकडची मंडळी अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवूनच बसत होती.

अण्णा म्हणजे मधुकरराव. सगळी नोकरी एका साखर कारखान्यात, वजनकाट्यावर गेली. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की शेतकऱ्याला वाटायचं कमी भरलं आणि कारखान्याला वाटायचं जास्त भरलं. दोन्हीकडून संशय अंगावर घेता घेता अण्णांना जगात एकच गोष्ट पटेनाशी झाली, ती म्हणजे अंदाज. "अंदाज म्हंजे थाप," हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीवालीनं मूठभर कोथिंबीर वर टाकली तर ते "कुनाची मूठ?" असं विचारतात. शिंप्याकडं जाताना स्वतःची टेप घेऊन जातात. मी शाळेत गणित शिकवते. अंदाजे उत्तर कसं काढायचं याचा एक धडा सातवीच्या मुलांना असतो, हे अण्णांना कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "म्याडम, सरकार पगार देतंय तुम्हाला. पोरान्ला खोटं बोलाया काय शिकवताव?" नंतर कितीतरी दिवस ते मला बघून तोंड फिरवत होते.

अशा माणसाच्या हातात पिस्तूल पडलं ते जावयामुळं. जावई पुण्याला नोकरी करतो. तिथं सुट्टीच्या दिवशी मोठमोठी माणसं टेकडीवर जाऊन असल्या पिस्तुलांनी लुटूपुटूची लढाई खेळतात म्हणे. घरात लेकरू आलं तसं अण्णांच्या मुलीनं नवऱ्याला बजावलं की आता हे घरात नको. म्हणून जावयानं ते पिस्तूल, गॅसचे डबे आणि छर्ऱ्यांच्या पिशव्या सासऱ्याकडं आणून ठेवल्या. मुलीनं नवऱ्याच्या हातातलं खेळणं काढलं आणि ते तिच्या बापाच्या हातात आलं.

अण्णांनी पहिल्याच दिवशी पाच छर्रे उडवले. पाचही पाच ठिकाणी गेले. आमच्यासारख्यांनी हसून सोडून दिलं असतं. अण्णांची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पेपर पसरून त्यांनी पिस्तूल खोललं. एक स्प्रिंग उडून तुळशीत गेली, ती शोधायला सगळी गल्ली लागली. मग जावयाला फोन करकरून ते एकेक गोष्ट शिकत गेले. नळीच्या मागच्या तोंडाला आत एक छोटं रबर असतं. ते छर्ऱ्याच्या डोक्याला घासतं, त्यामुळं छर्रा सुटताना उलटा गरगरतो आणि लांबपर्यंत सरळ जातो. अण्णा याला 'भिंगरी' म्हणतात. भिंगरी जास्त झाली तर छर्रा वर चढतो, कमी झाली तर खाली बसतो, रबर तिरकं बसलं तर एका अंगाला पळतो. भिंगरी कमीजास्त करायला आत एक बारीक चाक असतं. ते अण्णा सुईच्या टोकानं फिरवतात आणि फिरवताना श्वास रोखतात. नळी आत डुगडुगत होती, तर नळवाल्याची पांढरी टेप तिच्यावर गुंडाळून त्यांनी ती घट्ट बसवली. जुन्या धोतराचा मऊ तुकडा सळईला लावून नळी पुसायची, सिलिकॉन तेल फक्त रबरांना, नळीत थेंबभर नाही. मॅगझिन कधी पूर्ण रिकामं ठेवायचं नाही, नाहीतर रबरं सुकतात. त्यामुळं एकादशीला अण्णा स्वतः उपाशी असतात, पण मॅगझिनला न चुकता घोटभर गॅस पाजतात. छर्रे सोनाराच्या काट्यावर तोलून घेतात. हलके निघाले ते बाद.

हे बाद छर्रे अण्णा गच्चीवरून भिरकावून द्यायचे आणि ते माझ्या गच्चीवर यायचे. एका उन्हाळ्यात मी साबुदाण्याच्या पापड्या घालत होते, शेजारी भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं उघडं होतं. पुढं आषाढी एकादशीला सासूबाईंनी पापडी तोंडात टाकली आणि त्यांची दाढ कडकन वाजली. तोंडातून काढलेला तो पांढरा दाणा बघून त्या म्हणाल्या, "साबुदाण्यातबी आता भेसळ करायलेत मेले." मी अण्णांचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तो दाणा परत मागून तोलला असता.

सुशीलाकाकूंचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, या पिस्तुलाशी वेगळंच नातं आहे. खंडेनवमीला आमच्याकडं घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. काकूंनी विळी, कोयता, खुरपं यांच्या रांगेत पिस्तूलही मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या आणि सगळ्या अवजारांना लावतात तसं खोबरेल तेलाचं बोट त्यालाही लावलं. अक्षतेतला एक तांदूळ नळीत जाऊन बसला, खोबरेल आत उतरलं, आणि दिवाळीनंतर थंडी पडली तसं ते थिजलं. अण्णा पंधरवडाभर डोकं धरून बसले होते. पिस्तूल खोलल्यावर आतून हळदीचा तांदूळ निघाला. तो तळहातावर घेऊन ते काकूंसमोर गेले. काकू म्हणाल्या, "देवाचंच हाय, टाकू नका, खावा."

आता मुख्य गोष्ट. पिस्तुलाचा नेम बसवायला दहा मीटर अंतर लागतं आणि अण्णांच्या अंगणात ते मिळत नाही, कारण अंगणात मधोमध भिंत आहे. पलीकडं थोरले भाऊ राहतात. त्यांना आम्ही बापू म्हणतो. बापूंनी जन्मभर शेती केली, शेतीवरच अण्णांना कॉलेजपर्यंत शिकवलं. वाटणीच्या दिवशी पंचांनी पावलांनी मोजून अंगणात चुन्याची फक्की ओढली. सगळे चहाला बसले. अण्णांनी टेप काढली, अंगण मोजलं आणि चारचौघांत सांगितलं, "दादाकडं चार बोटं जास्त गेलंय."

 बापू म्हणाले, "चार बोटं व्हय? घे." दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी आणून स्वतःच्या बाजूला चांगलं हातभर आत सरकून भिंत घातली. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. अण्णा एकदा माझ्याजवळ म्हणाले होते, "माप बरोबर हुतं, म्याडम." आणि मग म्हणाले, "बरोबर हुतं म्हनूनच वाईट झालं."

तर अण्णांच्या गच्चीपासून बापूंच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. हे अण्णांना ठाऊक होतं, त्यांनी मोजलेलंच होतं. एका दुपारी त्यांनी बापूंच्या टाकीवर छर्रे मारले. टाकी ढमढम वाजली. आता भांडण होणार म्हणून गल्लीतल्या बायका हातातली कामं टाकून दारात आल्या. बापू गच्चीवर आले, टाकीवरून हात फिरवला, खाली गेले. दुसऱ्या दिवशी टाकीला एक पुठ्ठा बांधलेला दिसला. "टाकीला भोक पडंल म्हनून बांधलाय. दुसरं काई न्हाय," असं बापू बायकोला, म्हणजे मालनकाकीला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. पुठ्ठ्यावर कोळशानं गोल काढला होता आणि मधोमध टिंबही होतं.

मग ते रोजचंच झालं. ऊन कलतं झालं की अण्णा आपल्या गच्चीवर, बापू आपल्या. डोळ्याला छर्रा लागू नये म्हणून अण्णांनी दोन चष्मे मागवले आणि एक माझ्या हाती पाठवला. "म्हनावं, उगं डोळा फुटला तर लोक केस करतेत," हा निरोपही मलाच सांगावा लागला. बापू चष्मा लावून जिन्याच्या भिंतीआड उभे राहायचे. अण्णा पाच छर्रे मारायचे आणि लोखंडी पाइपावर टकटक करायचे. मग बापू बाहेर येऊन पुठ्ठ्याजवळ वाकायचे आणि आभाळाकडं तोंड करून ओरडायचे, "दोन मधी! दोन वर! एक गेला डावीकडं!" हे ते कुणाला सांगत, ते त्यांनाच माहीत. इकडं अण्णा काकूंना सांगायचे, "वर गेले म्हनं. भिंगरी जास्त झाली." काकू खाली कपडे धूत असायच्या. अण्णा चाक सुईनं कणभर फिरवायचे आणि पुन्हा पाच छर्रे. असं अंधार पडेपर्यंत. दोन म्हातारी माणसं एकमेकांशी एक अक्षर न बोलता रोज तास-दीड तास गप्पा मारायची, आणि अण्णांना दहा मीटरवरची भोकं दिसत नसल्यामुळं त्या पुठ्ठ्यावरचं सगळं त्यांना बापूंच्याच तोंडून कळायचं.

गेल्या हिवाळ्यात पिस्तूल बिघडलं. बापू रोज म्हणू लागले, "डावीकडं." दुसऱ्या दिवशीही "डावीकडं." मधेच एखादा "मधी", की पुन्हा "डावीकडं." अण्णांनी रबर काढून सरळ बसवलं. डावीकडं. पुण्याहून नवं रबर मागवलं. डावीकडं. नळीवरची टेप काढून नवी गुंडाळली, छर्ऱ्यांची नवी पिशवी फोडली, उभं राहण्याची जागा बदलली, शेवटी स्वतःचे डोळे तपासून आले. डावीकडंच. अण्णांचं जेवण कमी झालं. ओसरीवर पिस्तुलाचे सुटे भाग मांडून ते त्यांच्याकडं बघत बसायचे.

"नळीच वाकडी दिसतीय," एक दिवस ते मला म्हणाले. "आमच्या हाताला येत न्हाय आता. रविवारी जावई येतोय. देऊन टाकतो परत."

त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळवण काढत होते. माझ्या गच्चीच्या कोपऱ्यातून बापूंचा पुठ्ठा हाताच्या अंतरावर दिसतो. त्या दिवशी नवा पुठ्ठा होता. अण्णांनी पाच छर्रे मारले. पाचही टिंबाभोवती, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ. बापू भिंतीआडून आले, भिंत चाचपत आले, पुठ्ठ्यावर हात ठेवला, बोटं भलतीकडंच फिरवली आणि आभाळाकडं बघून ओरडले, "डावीकडं!"

माझ्या हातातली परात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मालनकाकीला गाठलं.  ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सोलापूरला दाखवून आनलं. डोळ्याचा पडदा गेलाय म्हनले डाक्टर. आता परत यायची न्हाय नजर. उजेड-अंधार तेवढा कळतोय."

"मग ते वर कशाला जातात, काकी? पडले-बिडले तर?"

"म्या लई सांगितलं. ऐकत न्हाईत. म्हनतेत, त्याला कळू देऊ नगंस. मला दिसत न्हाय म्हनून कळलं तर तो बंद करंल. मग आमचं बोलनं कुठलं?"

एवढं बोलून ती आत गेली. मी दारात उभी राहिले. इकडं अण्णा पिस्तूल परत देणार, तिकडं बापू ते बंद होऊ नये म्हणून चाचपडत जिना चढणार, आणि रविवार परवावर आलेला. बापूंनी सांगू नको म्हटलं होतं, पण ते मालनकाकीला. मला कुणी काही म्हटलं नव्हतं. असा सोयीचा विचार करून मी सरळ अण्णांच्या ओसरीवर गेले.

"अण्णा, तुमचं पिस्तूल सरळ आहे," मी म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पाचही मधोमध."

"मग दादा डावीकडं का म्हनतोय?"

मी सांगितलं. अण्णांच्या हातात नळी पुसायची सळई होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"पुठ्ठा दिसत न्हाय त्याला?"

"नाही."

"मग रोज वर चढून सांगतोय ते कसं?"

 मी म्हणाले, "अंदाजानं."

मला वाटलं, आता हा माणूस भडकणार.  अण्णांनी रबरं पुसायच्या फडक्यानं नाक पुसलं. त्याला सिलिकॉन तेल होतं, ते मिशीला लागलं, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "जिन्याला कठडा न्हाय त्याच्या," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी अण्णा गच्चीवर गेले नाहीत. बापू मात्र गेले. डोळ्यांवर तो चष्मा लावून भिंतीआड उभे राहिले. बराच वेळ वाट बघितली. एकदा बाहेर येऊन अण्णांच्या गच्चीकडं तोंड करून कान दिला, पुन्हा आड गेले. दिवेलागणीला मालनकाकी हाताला धरून त्यांना खाली घेऊन गेली. मला उगीच सांगितलं असं झालं. 

सकाळी अण्णांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला. मी काकूंना विचारलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "सकाळधरनं माझी समदी भांडी वाजवून बघायलेत. काय बाई झालंय कुनास ठाऊक." अण्णा कानाजवळ ताटं, वाट्या, डब्यांची झाकणं धरून चमच्यानं वाजवत होते. त्यांनी एक काशाची वाटी बाजूला काढली, एक स्टीलचं ताट काढलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. ताटाला आणि पत्र्याला मधोमध भोक पाडून तिन्ही एका फळीवर अशी बसवली की मध्ये वाटी, तिच्याभोवती ताट आणि सगळ्यांच्या मागं पत्रा. काकूंनी चांगल्या ताटाला भोक पाडल्याबद्दल तोंड सोडलं, ते त्यांनी ऐकून घेतलं.

मग ती फळी काखेत मारून अण्णा घराबाहेर पडले, गल्लीला वळसा घालून बापूंच्या दारात गेले आणि कडी वाजवली. वाटणीनंतर त्या दारात ते पहिल्यांदाच उभे होते. टेप त्यांनी बरोबर घेतली नव्हती. मालनकाकीनं दार उघडलं आणि ती म्हणाली, "पानी आनू का?" अण्णा मानेनंच नको म्हणून वर गेले.

मी माझ्या गच्चीवर होते. मुद्दामच होते, लपवत नाही. बापू टाकीजवळ बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान उचलली, पण कोण म्हणून विचारलं नाही. अण्णांनी पुठ्ठा सोडला, फळी बांधली. बापू उठले, हात पुढं करून फळी चाचपली. बोटांनी वाटी शोधली, नखानं वाजवली.

"काशाची हाय व्हय?" बापू म्हणाले.

"व्हय."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाय," अण्णा म्हणाले. "छर्रं सांगतेत की."

बापूंनी मान हलवली. अण्णा निघाले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. "दादा, हितं आड उभं ऱ्हावा. कठडा व्हईस्तवर जिन्याकडं जाऊ नगा," असं म्हणून बापूंच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना भिंतीआड नेऊन उभं केलं आणि मग खाली उतरले.

संध्याकाळी अण्णांनी पहिला छर्रा मारला. काशाची वाटी खणखणली आणि आवाज गल्लीभर घुमला.

"मधी!" बापू ओरडले. या वेळी आभाळाकडं नाही, अण्णांच्या दिशेनं.

दुसराही वाटीवर. तिसराही. बापू "मधी, मधी" म्हणत राहिले, पण तिसऱ्याला त्यांचा आवाज जरा पडला. चौथ्याला ते नुसतं "हं" म्हणाले. सगळं बरोबर असलं की सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. अण्णांनी पिस्तूल खाली केलं, थोडा वेळ थांबले, पुन्हा उचललं. मी बघत होते. नारिंगी टोक वाटीवरून सरकलं, ताटावरून सरकलं आणि पत्र्याच्या कडेला जाऊन थांबलं. पत्रा धप्प वाजला.

"पार डावीकडं गेला की रं मध्या!" बापू भिंतीआडून जवळजवळ उडी मारूनच बाहेर आले. "रबर तिरकं बसलंय तुझं! कवाधरनं सांगायलोय! लहानपनीबी तुझी गोटी डावीकडंच जायची!" आणि मग गोट्यांचं, विट्यांचं, शाळेतल्या मास्तरचं, वडिलांच्या गोफणीचं असं काय काय सुरू झालं. दोन गच्च्यांच्या मधून ते इतकं मोठ्यानं चाललं होतं की खाली सुशीलाकाकू आणि मालनकाकी आपापल्या अंगणात हातातली कामं थांबवून उभ्या होत्या.

रविवारी जावई आला आणि मोकळ्या हातानं परत गेला. पुढच्या आठवड्यात बापूंच्या जिन्याला कठडा बसला.

मी मात्र राहवेना म्हणून अण्णांना एकदा विचारलंच. "अण्णा, आता रोज पाचातले दोन छर्रे डावीकडं कसे जातात हो? नळी तर सरळ आहे."

अण्णा मॅगझिन पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"समदेच मधी मारले," ते म्हणाले, "तर दादा बोलंल काय?"